नागीण बरी झाली, प्रश्न विचारायचा राहिला: पुण्यातल्या फॅमिली डॉक्टरांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार,

मी तुमच्यातलाच एक. सिंहगड रस्त्याच्या आतल्या गल्लीत, खाली मेडिकल आणि वर दवाखाना, असा तीस वर्षांचा संसार. हे पत्र खरं तर आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणार होतो. पण तिथं सुप्रभातच्या फुलांखाली ते दहा मिनिटांत गाडलं गेलं असतं, म्हणून उघड लिहितोय. सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पेशंट रिक्षाचालक, वय छत्तीस. (ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदललेत. तो हे वाचेल, त्याला विचारूनच लिहितोय.) उजव्या बरगडीवर नागीण उठलेली. आईनं वर गेरूचा लेप दिलेला, आणि माउली रडवेली, कारण शेजारणीनं सांगितलेलं की नागिणीची दोन्ही तोंडं जुळली की माणूस वाचत नाही. मी हसलो. आई, ही कांजिण्यांचीच पिल्लं, म्हटलं. लहानपणी कांजिण्या आल्या तेव्हापासून हा विषाणू मणक्याजवळच्या नसेत झोपून आहे. एकाच नसेच्या वाटेनं बाहेर येतो, म्हणून पाठीच्या मधली रेघ सहसा ओलांडत नाही. तोंडं जुळायची नाहीत, निर्धास्त राहा. असायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. माउलीनं जाताना टेबलावर पेढा ठेवला.

माझं सांगणं अक्षर न् अक्षर बरोबर होतं, पण अर्धंच. तीस वर्षं निवांत झोपलेला विषाणू छत्तिसाव्या वर्षी का उठला, हे माझ्या मनात आलं नाही असं नाही. आलं. पण या पोराच्या लग्नात मी जेवलो होतो, त्याच्या मुलीला ट्रिपल मीच टोचली होती. ‘एचआयव्हीची तपासणी करून घेऊ’ हे वाक्य जिभेवर आलंच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत नागीण ही एचआयव्हीच्या दुसऱ्या टप्प्याची खूण आहे, हे तुम्हाआम्हाला सगळ्यांना पाठ असतं. परीक्षेपुरतं.

सात महिन्यांनी तो खोकला घेऊन आला. लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक, पाच दिवस. बरं वाटलं. तीन आठवड्यांनी परत आला. एक्स-रे काढला, ‘छाती स्वच्छ आहे’ असं मीच त्याच्या बायकोला सांगितलं. पुन्हा लिव्होफ्लॉक्सासिन, यावेळी दुसऱ्या कंपनीचं, जणू कंपनी बदलली की आजार बदलतो. पुन्हा चार दिवस बरं. तिसऱ्यांदा आला तेव्हा मानेत लिंबाएवढी गाठ होती. त्याचं केसपेपरचं कार्ड माझ्याकडे अजून आहे. माझ्याच निळ्या शाईत वजनं लिहिलेली आहेत: ६४, ६०, ५५. एकाखाली एक, तीन ओळी. ती एका नजरेत वाचायची तसदी मी घेतली नाही. मग पाठवला तपासणीला. सीबीनॅटमध्ये, म्हणजे जंतूची जनुकं शोधणाऱ्या तपासणीत, टीबी निघाला. टीबीच्या प्रत्येक रुग्णाला एचआयव्ही तपासणी देऊ करायची असा राष्ट्रीय कार्यक्रमाचा नियम आहे, त्यानुसार तीही झाली. पॉझिटिव्ह. सीडी फोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या मुख्य पेशींचा रक्तातला आकडा, फक्त ८८.

आता त्या ‘स्वच्छ’ छातीबद्दल. तुम्हीही कुणालातरी हेच सांगत असाल, म्हणून यावर थोडं रेंगाळतो.

टीबीच्या एक्स-रेमध्ये आपण जे खड्डे शोधतो, ते काही जंतू एकटा पाडत नाही. जंतूला कोंडण्यासाठी शरीर त्याच्याभोवती पेशींची तटबंदी रचतं. मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी त्याला गिळतात, सीडी फोर पेशी इंटरफेरॉन गॅमा हा रासायनिक निरोप सोडून त्या मॅक्रोफेजना बळ देतात, गाठ आवळत जाते, मधला भाग सडतो आणि फुटला की खड्डा पडतो. म्हणजे खड्डा ही आपल्याच प्रतिकारशक्तीनं दिलेल्या झुंजीची निशाणी. सीडी फोर पेशीच उरल्या नाहीत तर तटबंदीही नाही आणि खड्डाही नाही. जंतू मोकळा फिरतो, मानेच्या गाठींत, पोटात, मेंदूच्या आवरणात. खड्डा नाही म्हणून थुंकीत जंतूही कमी उतरतात आणि साधी थुंकी निगेटिव्ह येते. मांटू टेस्टचंही तसंच. कातडीवर फुगवटा यायला याच पेशी लागतात, तेव्हा सपाट हात दिसला म्हणून टीबी नाही असं होत नाही. एक्स-रे स्वच्छ, थुंकी निगेटिव्ह, मांटू सपाट आणि वजन दर भेटीला उतरतंय, असा माणूस समोर बसला असेल तर त्या तीन चांगल्या बातम्यांना एकत्रितपणे वाईट बातमी म्हणून वाचावं लागतं. मी वाचली नाही.

आणि लिव्होफ्लॉक्सासिन? ते टीबीवरही चालतं, हीच पंचाईत. चार-पाच दिवस जंतू दबतो, ताप उतरतो, तपासणी आणखी महिनाभर पुढे जाते. दोन आठवड्यांचा खोकला दिसला की थुंकी तपासल्याशिवाय या गटातलं औषध लिहायचं नाही. आपल्यापैकी किती जण हे पाळतो, ते आपल्याला माहीत आहे आणि खालच्या मेडिकलवाल्याला त्याहून जास्त माहीत आहे.

इथवर झालं एचआयव्ही टीबीला कशी वाट करून देतो ते. उलटी बाजू आपल्या बोलण्यात जवळजवळ येतच नाही. टीबी एचआयव्हीला खायला घालतो.

एचआयव्ही सीडी फोर पेशीत शिरून तिच्या जनुकांतच स्वतःची प्रत लिहून ठेवतो. पेशी झोपलेली असेल तर ती प्रतही पडून राहते. पेशी जागी झाली, म्हणजे एखाद्या जंतूविरुद्ध लढायला उठली, की तिच्यात एनएफ-कप्पा-बी नावाची कळ दाबली जाते. विषाणूनं आपलं बटण नेमकं त्याच कळीला जोडलेलं आहे. पेशी स्वतःच्या लढाईची रसद तयार करायला घेते आणि सोबत विषाणूच्या प्रती निघायला लागतात. टीबीत शरीर टीएनएफ नावाचं जे दाहाचं रसायन सोडतं, त्यानं हीच कळ दाबली जाते. वर, जाग्या पेशी नव्या विषाणूंना जास्त सहज सापडतात.

मी पेशंटना हे पालखीवरून सांगतो. आषाढीच्या आधी पालख्या पुण्यात मुक्कामाला आल्या की अख्खं शहर रस्त्यावर उतरतं, आणि पाकीटमारांचा सीझन तोच. गल्ल्या सामसूम असताना त्यांना काय मिळणार? प्रत्येक नवा संसर्ग म्हणजे शरीरात एक पालखी. टीबी असो, सिफिलिस असो, मलेरिया असो, सीडी फोर पेशी जाग्या होऊन एका जागी जमतात आणि एचआयव्हीला आयती गर्दी मिळते. मलेरियाच्या तापात व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं एचआयव्हीचं प्रमाण, वर जातो आणि उपचारानंतर पुन्हा खाली येतो, हे आफ्रिकेत मोजून दाखवलेलं आहे.

जननेंद्रियावरच्या हर्पिसनं तर या गर्दीचा मोठाच धडा दिला. १९९० च्या दशकात आपल्याच शहरातल्या गुप्तरोग क्लिनिकांत जो अभ्यास झाला, त्यात नुकताच हर्पिस झालेल्यांना एचआयव्ही लागण्याचा धोका तिपटीहून जास्त दिसला. मग सगळ्यांना वाटलं, सोपं आहे, असायक्लोव्हिर देऊन हर्पिस दाबा, एचआयव्ही आपोआप कमी होईल. मोठ्या चाचण्या झाल्या आणि २००८ मध्ये निकाल आला की धोका काही घटला नाही. पुढं कळलं ते असं: जखम भरली, औषध चालू आहे, तरी त्या जागी सीडी फोर पेशी आठवडेच्या आठवडे, महिने रेंगाळतात. पालखी दिवे घाट चढून सासवडला पोचली तरी इथल्या चौकातली गर्दी पांगलेली नसते. म्हणून हर्पिसच्या पेशंटला ‘फोड गेले, आता काळजी नको’ एवढंच सांगून उठवू नका.

सगळेच संसर्ग एका माळेचे मणी नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. झांबियातल्या मुलांमध्ये गोवर अंगात असताना एचआयव्हीचा व्हायरल लोड उलट कमी झालेला आढळला. थायलंडमध्ये स्क्रब टायफसच्या काही रुग्णांत तेच दिसलं. वाचल्यावर मी खुर्चीत सावरून बसलो होतो. म्हणून कुणी गोवर आणवायला जाणार नाही, पण ‘संसर्ग म्हणजे प्रतिकारशक्ती कमी’ हे जे सरसकट वाक्य आपण फेकतो, ते विषाणूला मान्य नाही एवढं यातून कळतं.

आता पुण्याचाच पुरावा, कारण आपल्याला परदेशातलं सांगितलं की ‘आपल्याकडे तसं नसतं’ म्हणायची सवय आहे. बी. जे. मेडिकल कॉलेज आणि ससूनमध्ये २००२ पासून एचआयव्ही असलेल्या बाळंतिणींचा मोठा अभ्यास झाला. त्यातल्या ७८३ मातांचा हिशेब असा: बाळ वर्षाचं होईपर्यंत ३३ जणींना टीबी आढळला, आणि त्यांच्यापैकी १० जणींच्या बाळांना एचआयव्ही लागला. म्हणजे ३० टक्के. टीबी नसलेल्या ७५० जणींमध्ये ही संख्या ८७, म्हणजे १२ टक्के. आईचा व्हायरल लोड, सीडी फोर, औषधं, अंगावर पाजण्याचा काळ, हे सगळं गणितात धरूनही टीबीमुळे बाळाला लागण होण्याची शक्यता सुमारे अडीच पट राहिली. आज एचआयव्ही असलेल्या प्रत्येक गरोदर बाईला एआरटी, म्हणजे एचआयव्ही दाबणारी औषधं, मिळते, तेव्हा ते आकडे जसेच्या तसे आजचे नाहीत. पण आईच्या छातीतला टीबी बाळाच्या रक्तातल्या एचआयव्हीपर्यंत पोचतो हे ससूनच्या वॉर्डात दिसलेलं आहे, आणि बाळंतिणीचा खोकला ‘गार लागलं असेल, ओवा-शेपा खा’ म्हणून आजही माझ्याच दवाखान्यातून घरी जातो.

सीडी फोरच्या आकड्याबद्दलही दोन शब्द. ‘पाचशे आहे, काही होत नाही’ असं आपण म्हणतो. तो आकडा डोकी मोजतो, कोणत्या कामाची माणसं गेली ते सांगत नाही. टीबी ओळखणाऱ्या सीडी फोर पेशी एचआयव्ही फार लवकर उडवतो, बाकीच्या मागं राहतात. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींतल्या कामगारांत एचआयव्ही लागल्यापासून पहिल्याच वर्षात टीबीचं प्रमाण दुप्पट झालेलं दिसलं, जेव्हा एकूण आकडा अजून चांगलाच असतो. याउलट, ऐन तापात मोजलेला सीडी फोर तात्पुरता घसरलेला असतो. त्यावरून पेशंटला घाबरवू नका.

माझ्या रिक्षाचालकाकडे परत येतो, कारण मी दुसरी चूक करता करता थांबलो.

त्याची टीबीची औषधं सुरू झाली, दोन आठवड्यांच्या आत एआरटीही. ताप गेला, भूक लागायला लागली, वजन ५७ झालं. आणि एआरटी सुरू होऊन तीन आठवडे झाले तेव्हा एका संध्याकाळी बायको त्याला दवाखान्यात घेऊन आली. ताप १०२, आणि मानेतली गाठ लिंबाची पेरूएवढी झालेली, वरची कातडी लाल, तकतकीत, हात लावू देईना. बायको म्हणाली, “डॉक्टर, टीबीच्या गोळ्यांनी बरं होत होतं. ही दुसरी गोळी सुरू केली आणि हे झालं. ती बंद करू का?” खरं सांगतो, माझ्या तोंडावर ‘हो’ आलं होतं. इतकं सरळ दिसत होतं. पण त्याच्या एआरटी सेंटरच्या समुपदेशक ताईंचा नंबर फाइलवर होता, तो लावला. ताई शांतपणे म्हणाल्या, “सर, गोळी बंद करू नका. सकाळी पाठवा. बहुतेक आयरिस आहे.”

आयरिस म्हणजे परत आलेल्या फौजेचा गोंधळ. एआरटीनं विषाणू दबतो, सीडी फोर परततात, आणि इतके दिवस कुणी न हटकलेले टीबीचे जंतू त्यांना एकदम सगळीकडे दिसतात. मग जी झुंज महिन्यांपूर्वी व्हायला हवी होती ती एका आठवड्यात होते. गाठ सुजते ती औषध चालत नाही म्हणून नव्हे, चालतंय म्हणून. अर्थात प्रत्येक सूज आयरिस नसते. औषधाला दाद न देणारा टीबी, बुडवलेल्या गोळ्या, दुसराच एखादा संसर्ग, हे आधी तपासावं लागतं, आणि ते काम तिथल्या तज्ज्ञांचं. गाठीतला पू काढला, काही आठवडे स्टेरॉइड दिलं. एआरटी एक दिवस थांबली नाही.

स्टेरॉइडचा विषय निघालाच आहे तर, तिथं ते हिशेबानं, निदान झाल्यावर, टीबीच्या औषधांच्या पांघरुणाखाली दिलं होतं. आपण जी अंगदुखी-तापाला ‘डेक्सा’ची सुई मारतो, ती वेगळी. पेशंट दुसऱ्या दिवशी टवटवीत होऊन येतो, आणि कुणाच्या अंगात काय दबून आहे हे आपल्याला माहीत नसतं.

एआरटी कधी सुरू करायची यातही एक खाच आहे, म्हणून ‘आजच सुरू करा’ असं पेशंटला आपण परस्पर सांगू नये. फुफ्फुसाच्या किंवा गाठीच्या टीबीत दोन आठवड्यांत. पण जंतू मेंदूच्या आवरणात असेल, टीबीचा मेनिंजायटिस किंवा क्रिप्टोकॉकस बुरशीचा, तर काही आठवडे थांबतात. कवटीच्या आत सूज आली तर तिला पसरायला जागा नसते.

औषधांच्या आपसांतल्या भांडणांत मात्र आपलाच हात असतो, कारण पेशंट एआरटी तिकडून घेतो आणि बाकी सगळं आपल्याकडून. एआरटीतलं डोल्युटेग्रॅव्हिर चालू असताना टीबीचं रिफॅम्पिसिन सुरू झालं की यकृत ते इतक्या झपाट्यानं फोडतं की बारा तासांनी ५० मिलिग्रॅमची आणखी एक गोळी लागते, आणि रिफॅम्पिसिन संपल्यावरही दोन आठवडे. पेशंट म्हणतो, “एकच गोळी दोनदा का देतायत, चुकून दिली असेल,” आणि आपण मान डोलावतो. अँटासिड, कॅल्शियम, लोह या गोळ्या डोल्युटेग्रॅव्हिरला पोटातच धरून ठेवतात, म्हणून ते यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायचं. डोल्युटेग्रॅव्हिर चालू असताना मधुमेहाचं मेटफॉर्मिन दिवसाला एक ग्रॅमच्या वर नेऊ नका. आणि ज्याला एचआयव्हीसोबत हिपॅटायटिस बी आहे, त्याच्या त्या एका गोळीतली टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन ही दोन औषधं कावीळही दाबून ठेवत असतात. कुणी ‘लिव्हरला आराम’ म्हणून ती गोळी बंद केली तर हिपॅटायटिस बी उसळून लिव्हर निकामी होऊ शकतं. आराम वगैरे काही मिळत नाही.

पण हे सगळं कळायला पेशंटनं आपल्याला सांगायला तर हवं. तो सांगत नाही, कारण आपल्या वेटिंगमध्ये त्याची मामी बसलेली असते, आणि आपण केबिनचं दार उघडं ठेवून मोठ्यांदा बोलतो. माझ्या केबिनला आता दार आहे. पूर्वी पडदा होता.

तपासणीचं कसं विचारायचं, हा अवघड भाग. न विचारता, ‘रक्त तपासू’ म्हणून गुपचूप एचआयव्ही लिहायचं, हा जुना शॉर्टकट मीही वापरलाय. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं, जो २०१८ च्या सप्टेंबरपासून लागू आहे, ते बेकायदा ठरवलंय. समजावून, संमती घेऊनच तपासणी, आणि निकाल त्याचा, त्याच्या सासऱ्याचा नव्हे. नागीण घेऊन आलेल्या तरुणाला मी आता हे वाक्य म्हणतो: “या वयात नागीण आली की मी सगळ्यांनाच एचआयव्हीची तपासणी सुचवतो. तुमच्यावर संशय नाही. नको असेल तर नको, पण माझा सल्ला करा असा आहे.” पहिल्या चार-पाच वेळा घसा कोरडा पडला. एकानं फाइल उचलली आणि निघून गेला, तो परत आला नाही. बाकीचे बहुतेक ‘बरं, करू’ म्हणाले, इतक्या सहज की मलाच ओशाळल्यासारखं झालं. सरकारी आयसीटीसी केंद्रात ही तपासणी फुकट आणि गुप्त होते, हे सोबत सांगा. हेच वाक्य टीबीला, सिफिलिसला, हर्पिसला, तोंडातल्या पांढऱ्या बुरशीला, महिनाभर न थांबणाऱ्या जुलाबाला. शब्द बदलायची गरज नाही.

आणि ज्यांना एचआयव्ही आहे हे आपल्याला माहीत आहे, त्यांना दर भेटीला चार गोष्टी विचारा: खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजनातली घट. चारही नसतील तर टीबी प्रतिबंधाचा कोर्स झालाय का, तेही. अर्धं मिनिट लागतं. मी घड्याळ लावून बघितलंय, कारण ‘वेळ कुठं असतो’ हे तुमचं उत्तर मला माहीत आहे. माझंही तेच होतं.

तो रिक्षाचालक आता ६६ किलोचा आहे. व्हायरल लोड सापडत नाही इतका कमी. बायकोची आणि मुलीची तपासणी निगेटिव्ह. गेल्या आठवड्यात आईच्या बीपीच्या गोळ्या न्यायला आला होता. मानेवरचा व्रण कॉलरखाली झाकलेला. म्हणाला, “डॉक्टर, तेव्हा नागिणीच्या वेळीच म्हणाला असता तरी मी तपासून घेतलं असतं.” मी गोळ्यांची चिठ्ठी लिहीत होतो, तीच लिहीत राहिलो.

आपला,
सिंहगड रस्त्यावरचा एक फॅमिली डॉक्टर

ता. क. बुधवारी दुपारी माझा दवाखाना बंद असतो. आपल्या भागातल्या पाच-सहा जणांनी यायचं ठरवलं तर त्या समुपदेशक ताई तासभर येऊन शंकांची उत्तरं द्यायला तयार आहेत. चहा माझ्याकडे. आपापली जुनी केसपेपर कार्डं घेऊन या, वजनाच्या ओळी असलेली.